मलब्याची समुद्रयात्रा आणि आपली कृष्णा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

त्सुनामीने ओढून नेलेला मलबा एकगठ्ठा पलीकडच्या किनाऱ्याला जाऊन लागतो, अशी अनेकांची समजूत असते. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानच्या किनाऱ्यावरून सुमारे ५० लाख टन मलबा समुद्रात गेला, असा तेथील सरकारचा अंदाज आहे. त्यातील सुमारे ७० टक्के किनाऱ्याजवळच बुडाला. उरलेला कुरोशिओ प्रवाहाने आणि पुढे उत्तर पॅसिफिक प्रवाहाने पूर्वेकडे नेला, आणि अमेरिकेजवळ या प्रवाहाला अलास्का व कॅलिफोर्नियाकडे जाणारे दोन फाटे फुटतात तेथे त्याचीही विभागणी झाली.

वाट प्रवाहाची असली तरी वेग बराचसा वाऱ्यावर ठरतो. पाण्याबाहेर उंच राहणारे थर्मोकोल आणि मासेमारीचे पोकळ फ्लोट वर्षभराच्या आत पोहोचू लागले. जवळजवळ बुडून तरंगणारे ओंडके मागे राहिले. जून २०१२ मध्ये मिसावा बंदराचा सुमारे २० मीटर लांबीचा तरंगता धक्का ओरेगॉनच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा त्याला चिकटलेले जपानी किनाऱ्यावरचे जीव जिवंत होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा जवळपास ३०० प्रजातींची नोंद आहे. मला यातील सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते, कारण लाकूड समुद्रातील किडे पोखरून संपवतात, परंतु प्लास्टिक आणि फायबरग्लास टिकून राहतात व परक्या जीवांना वर्षानुवर्षे वाहून नेतात.

सांगलीपासून समुद्र दूर असला, तरी कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरालाच मिळते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत घरे-दुकानांतून काय काय वाहून गेले, ते आपण पाहिले आहे. त्यातील पुष्कळसे अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर या धरणांत अडकत असणार, हे मान्य. पण पुढे जाणाऱ्या प्लास्टिकची दिशा, त्या उपसागरातील किनारी प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर उलटत असल्याने, ते कोणत्या महिन्यात मुखाशी पोहोचते यावरही अवलंबून राहते. एकदा तेथे गेलेले परत गोळा करणे जवळपास अशक्य आहे.

म्हणून पूररेषेतील ओढे, नाले आणि घाट यांवरचे थर्मोकोल व प्लास्टिक मे महिन्यातच उचलले जावे, आणि पूर ओसरल्यावर घराघरांतून निघणारा कचरा पुन्हा नदीकाठी टाकला जाऊ नये, अशी प्रशासनाला माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या दैनिकाने पावसाळ्याआधी या कामाची पाहणी करून ती छापावी.

कळावे,
एक वाचक, सांगली