निळ्या दिव्याखालचा काळा डाग

संपादक महोदय,

निळा दिवा दाखवला की घशाचा कर्करोग लगेच कळतो, असा समज पसरतो आहे. हे तंत्र मोलाचे आहे, म्हणूनच त्याच्या मर्यादा ठाऊक हव्यात.

सुमारे ४०० ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात तोंड-घशाचे निरोगी अस्तर हिरवट चमकते. ही चमक मुख्यतः अस्तराखालच्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची. पेशी बिघडू लागल्या की अस्तर जाड होते, कोलॅजेनची वीण विस्कटते, वाढलेल्या रक्तवाहिन्या प्रकाश शोषतात आणि तेवढा भाग काळपट दिसतो. साध्या उजेडात नुसती लाली वाटते तिथेही कधीकधी त्याची कड उठून दिसते. बायोप्सीचा तुकडा नेमका कुठून घ्यावा हे ठरवायला तिचा खरा उपयोग. शस्त्रक्रियेत किती कापायचे हे ठरवायलाही ती वापरून पाहिली गेली; पण तोंडाच्या कर्करोगावरील कॅनडातील चाचणीत (निकाल २०२०) तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण त्यामुळे घटले नाही.

सूज आणि व्रणही काळेच दिसतात. रक्त तर निळा प्रकाश शोषूनच घेते, म्हणून आधी फोटो, मग तुकडा. उलट जाड पांढरा चट्टा चमकतो आणि खालचा बिघाड झाकतो. जिवाणूंचा थर केशरी-तांबडा दिसतो. तोंड तपासताना खोलीत अंधार करावा, चूळ भरायला सांगावी, लाळ टिपावी, दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. डाग काचपट्टीने दाबल्यावर उजळला तर बहुधा सूज. टोचणारा दात, तंबाखू, मिश्री असे कारण दूर करून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. तरीही राहिला तर तुकडा तपासायलाच हवा.

हातातला दिवा फार तर टॉन्सिलपर्यंत पोचतो. स्वरयंत्रासाठी निळ्या प्रकाशाची आणि फिल्टर बसवलेल्या कॅमेऱ्याची दुर्बीणच लागते. शिवाय हा प्रकाश मिलिमीटरभरही आत जात नाही. टॉन्सिलच्या खाचांत खोल वाढणारा, एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा कर्करोग त्यातून सहज निसटतो.

म्हणून शिबिरे भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती: ‘हिरवे दिसले, काळजी नको’ असे कुणालाही सांगू नका, आणि काळा डाग दिसताच कर्करोगाचे नाव घेऊन घाबरवूही नका. बायोप्सीची सोय आधी ठरवा, मगच दिवा आणा. तीन आठवड्यांहून अधिक आवाज बसला असेल, गिळताना अडकत असेल, मानेत गाठ असेल किंवा एकाच कानात ठणका असेल, तर दिव्याखाली रंग कोणताही दिसो, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला पाठवा.

– कान-नाक-घसा विभागातील डॉक्टर