पाण्यात पाय सोडण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारच्या आपल्या पुरवणीत घरच्या घरी स्पा कसा करावा यावर पानभर मजकूर होता. टबात कोमट पाणी भरा, त्यात वाटीभर एप्सम सॉल्ट, दोन लिंबांच्या चकत्या, अर्धी वाटी खायचा सोडा आणि लॅव्हेंडरच्या तेलाचे दहा थेंब टाका, मेणबत्ती लावा आणि वीस मिनिटं डोळे मिटून पडून राहा. अगदी शेवटी एक वाक्य होतं : टब नसेल तर नुसते पाय गरम पाण्यात सोडून बसलात तरी चालेल. हे पत्र त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिते आहे. पण टबाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते आमच्याच गावाला. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, सगळं मिळून पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे माणशी अर्धी बादली आंघोळ होती आणि तीही घमेल्यात उभं राहून, म्हणजे खाली साचलेलं पाणी संडासात ओतायला कामी यावं. एक टब भरायला दीडशे-दोनशे लिटर लागतात. पुरवणी वाचून आमची सून म्हणाली, "आई, त्या उन्हाळ्यात एवढ्यात आपला आठवडा निघाला असता." छापणाऱ्यांनी सगळ्यांसाठी छापायचं असतं हे मला कळतं. तरी एखादी कृती बादलीची असू द्यावी.

आता मी या सगळ्याच्या विरोधात आहे असं समजू नका. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं परिचारिका म्हणून काढली, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या वॉर्डात. कोमट पाण्याने माणूस सैलावतो हे मी रोज पाहिलं आहे. त्याला कारणही आहे. हातापायांकडे रक्त वळतं, मग आतली उष्णता बाहेर पडते, आणि अंग आतून जरा थंड झालं की झोप येते. आधी झालेले बरेच अभ्यास एकत्र करून अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच मांडलं : झोपण्याआधी एक-दोन तास, ४० ते ४२ अंशांच्या आसपासच्या पाण्याने, दहाच मिनिटं आंघोळ केली तरी झोप लवकर लागते. यात कुठेही टबाची सक्ती नाही. तांब्याने अंगावर घेतलेलं पाणीही पाणीच.

एप्सम सॉल्टचं मात्र मला हसू आलं. इंग्लंडातल्या एप्सम गावच्या झऱ्याच्या पाण्यात सापडलं म्हणून ते नाव. नावात मीठ असलं तरी ते आपलं खायचं मीठ नव्हे, ते मॅग्नेशियम सल्फेट. माझ्या भावाची औशाकडे द्राक्षबाग आहे, त्याच्या शेडमध्ये याचीच पोती रचलेली असतात, पानं पिवळी पडली की तो ते देतो. (म्हणून शेतीचं पोतं फोडून अंगाला लावू नका. ते झाडासाठी बनवलेलं असतं, त्यात आणखी काय आहे ते पोत्यावर लिहिलेलं नसतं.) आमच्या वॉर्डात याची दोन कामं. बाळंतिणीला झटके आले की डॉक्टर ओरडायचे, "सिस्टर, मॅगसल्फ!", आणि ते इंजेक्शन जीव वाचवायचं. आणि सलाईन लावून हात सुजला की ग्लिसरीनमध्ये कालवून त्याची पट्टी ठेवायची. पूर्वी पोट साफ करायलाही देत. पण नुसतं पाण्यात घालून त्यात बसल्याने ते कातडीतून आत जातं आणि दुखणं ओढून घेतं, याला म्हणावा तसा पुरावा नाही. पाय हलके होतात ते गरम पाण्याने. पाकीट आणलंच असेल तर वापरा, नसेल तर हळहळू नका.

लिंबाचं मात्र मनावर घ्या. लिंबाचा रस किंवा सालीचं तेल कातडीवर राहिलं आणि वर ऊन लागलं तर तिथे भाजल्यासारखे लाल चट्टे उठतात, फोड येतात आणि पुढे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास असतो. सकाळी लिंबाच्या पाण्याने आंघोळ करून कुणी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेलं तर काय होईल ते सांगायला नको. सोड्याचंही तेच. आपली कातडी जरा आंबट स्वभावाची असते आणि त्या आंबटपणावरच तिचं आरोग्य टिकतं. सोडा त्याच्या नेमका उलट. आधीच आमचं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरी पुटं चढतात आणि साबणाला फेस येत नाही, त्यात सोडा घातला तर अंग उलायचंच. आणि तेलाचे ते दहा थेंब. तेल पाण्यात विरघळत नाही हे आपण रोज फोडणीत पाहतो. ते वर तरंगतं आणि बसणाऱ्याच्या अंगाला तसंच कडक चिकटतं. वासाचं तेल वापरायचंच तर आधी चमचाभर खोबरेल तेलात एखादा थेंब कालवावा, आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं.

मग करावं काय? आमच्याकडे दिवाळीनंतर अंग फुटायला लागतं, पिंढऱ्यांवर पांढऱ्या रेघा उमटतात, रात्री खाज सुटते. त्यासाठी मी जे करते ते लिहिते. पूर्वी आई तांदळाच्या धुवणाने अंग धुवायला लावायची. मी आता ओट्स घेते, कारण खाजेला आणि कोरडेपणाला ते उपयोगी पडतात हे चांगलं तपासलेलं आहे. अमेरिकेच्या औषध खात्याने २००३ मध्ये त्याच्या बारीक भुकटीला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. साधे ओट्स दोन मुठी घ्यायचे, मसाल्याचे नव्हेत. मिक्सरमध्ये अगदी पिठी होईपर्यंत फिरवायचे. चमचाभर पिठी पेल्यातल्या पाण्यात टाकून ढवळायची. पाणी पातळ ताकासारखं पांढरं झालं तर पिठी झाली, तळाशी वाळूसारखी बसली तर पुन्हा फिरवायची. मग ती जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात बांधून पुरचुंडी करायची. तशीच पाण्यात टाकली तर न्हाणीची मोरी तुंबते, हा अनुभव घेऊन झाला आहे. अर्धी बादली कोमट पाण्यात पुरचुंडी बुडवून पिळत राहिलं की पाणी बुळबुळीत होतं. आधी नेहमीची आंघोळ उरकून घ्यायची, साबण फक्त काखेत आणि जांघेत, आणि हे पाणी शेवटी तांब्या-तांब्याने अंगावरून सोडायचं. तीच पुरचुंडी खाजऱ्या जागी हळूच दाबायची, घासायची नाही. वरून पुन्हा पाणी घ्यायचं नाही. पंचाने टिपून अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं. हे सगळं पाटावर किंवा स्टुलावर बसून करावं, कारण फरशी साबणापेक्षा निसरडी होते. उरलेलं पाणी तुळशीला घातलं तरी चालतं.

उटण्याचं उगाच वाढवत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. दिवाळीच्या पहाटे आंबेहळद, नागरमोथा, गव्हला कचोरा एवढं तेलात कालवून लावलं की वर्षाचं समाधान होतं. फक्त ते रोज खसाखसा घासायचं प्रकरण नव्हे. कडुनिंबाच्या पाल्याचंही तसंच. कांजिण्या उतरल्यावर मुलाला त्या पाण्याने न्हाऊ घालतात, घालावं. पण उकळतं पातेलं न्हाणीत जमिनीवर ठेवून आई टॉवेल आणायला गेली आणि मूल त्यात बसलं, अशी भाजलेली लेकरं आमच्याकडे येत असत. बादलीत आधी गार पाणी, मग त्यात गरम. हा क्रम मोडायचा नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात उदगीरला एक लग्न होतं. हे दिवसभर उभे होते. घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि यांचे पाय सुजून चपलेचे पट्टे रुतले होते. मी जरा आडवी झाले. यांनी गच्चीवरच्या सोलरचा नळ सोडून घमेलं भरलं, मूठभर मीठ टाकलं आणि क्रिकेटची मॅच लावून पाय सोडून बसले. वैशाखातलं दुपारचं सोलरचं पाणी काय असतं ते ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे त्यांना विचारा. आम्ही त्याने तुपाची भांडी धुतो. तेही हातात चमचा धरून.

अर्ध्या तासाने मी चहा ठेवायला उठले. म्हटलं, "पाणी फार गरम नाही ना?" हे म्हणाले, "छे, कोमटच आहे. अजून थोडं घालणार होतो." मी वाकून बोट बुडवलं आणि तसंच काढून तोंडात घातलं.

पाय वर घेतले तर घोट्यापर्यंत लाल मोजे घातल्यासारखे. वर एक सरळ रेघ, जिथपर्यंत पाणी होतं तिथपर्यंत. हे आपले पायांकडे बघतायत आणि मला विचारतायत, "काय झालं?" भाजल्यावर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, हे मी शेकडो बायकांना सांगितलं असेल. पण त्या वेळेला आमच्या टाकीचं पाणीसुद्धा तापलेलं. शेवटी रांजणातलं पाणी तांब्याने ओतत बसले. शेजारीण टूथपेस्ट घेऊन धावत आली, तिला परत पाठवलं. तिला राग आला असेल, पण भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काहीही लावायचं नसतं. संध्याकाळपर्यंत आवळ्याएवढे फोड आले. पुढे सव्वादोन महिने ड्रेसिंग चाललं, आणि डाव्या पायाची करंगळी राहते की जाते याची धास्ती त्यातले तीन आठवडे होती. राहिली.

यांना साखरेचा त्रास चौदा वर्षांपासून. डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनच्या बारीक दोऱ्याने तळव्याला दहा ठिकाणी स्पर्श केला. दहा ग्रॅमचा दाब देणारा तो दोरा असतो, मोनोफिलामेंट म्हणतात. "लागलं की हो म्हणा." हे तीनदा हो म्हणाले. मी कोपऱ्यात उभी होते. साखर वाढलेली राहिली की नसा झिजतात, आणि सर्वांत लांबच्या, म्हणजे पायाच्या, आधी जातात. गरम-गार कळणं तेव्हाच संपतं. मग कढत पाणी कोमट वाटतं आणि माणूस त्यात आणखी गरम ओततो. त्यातून ही जखम लवकर भरत नाही. चौदा वर्षं मी यांच्या गोळ्या वेळेवर दिल्या, दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेतलं. पायाला हात लावून "इथे कळतं का?" असं एकदाही विचारलं नाही. वॉर्डात पहिलटकरणींना मी शिकवायचे, बाळाचं पाणी हाताच्या पंजाने बघू नका, पंजा निबर झालेला असतो. कोपर बुडवा. आणि माझ्याच घरात हे.

म्हणून विनंती एवढीच, की अशा कृती छापाल तेव्हा त्याच पानावर, बारीक अक्षरात नव्हे, चौकट करून छापावं : मधुमेह असेल त्यांनी पाय गरम पाण्यात भिजवत बसू नये, मीठ घालून नाही, न घालताही नाही. पाय कोमट पाण्याने धुवावेत, पाणी दुसऱ्या माणसाने कोपराने पाहिलेलं असावं, आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, कारण भिजून पांढरी पडलेली कातडी फाटते आणि बुरशी धरते. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची ती दोऱ्याची तपासणी करून घ्यावी. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत त्यांनी गरम पाण्याच्या आंघोळीनंतर झटकन उभं राहू नये, भोवळ येते. गरोदर बाईने फार गरम पाण्यात बसू नये. चौकटीला जागा कमी पडली तर मेणबत्तीचा फोटो लहान करावा.

आमच्याकडे सोलरच्या नळाला आता लाल रिबीन बांधली आहे. हे रोज संध्याकाळी घमेल्याकडे बघून म्हणतात, "तपासलं का, सिस्टर?"

माझं नाव छापू नये. यांना कळलं तर सगळ्या गावाला पाय दाखवले म्हणून रागावतील.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, लातूर