सोल्डरिंगच्या यादीत काढायची हत्यारेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांना विज्ञान प्रदर्शनाचे वेध लागतात आणि पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत हातात चिठ्ठी घेतलेले आईबाप दिसू लागतात. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीची अशी चिठ्ठी माझ्या पाहण्यात आली. ‘सोल्डरिंग गन १, सोल्डर वायर १, पेस्ट १.’ संपली यादी. सोल्डरिंग म्हणजे कथील-शिशाची तार (सोल्डर) तापलेल्या गनने वितळवून पार्ट बोर्डावर जोडणे.

मी भोसरीच्या एका कारखान्यात आधी असेंब्ली लाइनवर आणि मग रिवर्क टेबलावर, म्हणजे चुकलेले बोर्ड दुरुस्त करायला, नोकरी केली. आता निवृत्त आहे, पण हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून शनिवारी सोसायटीतली मुले गोळा करून बसते. अशा याद्यांवर माझा आक्षेप हा की त्यांत जोडायचे सामान असते, काढायचे काहीच नसते. नवशिक्याचा एलईडी उलटा बसणारच. तो काढायला हाताशी काही नसले की मूल गनचे तापलेले टोक, म्हणजे बिट, टेकवून पक्कडीने ओढते, आणि झिरो पीसीबीवरची (भोकाभोकांच्या सरावाच्या बोर्डावरची) तांब्याची टिकली पायाबरोबर उखडून येते. मग ‘मला हे जमत नाही’ म्हणून सगळे सामान कपाटात जाते. आमच्या लाइनवर नव्या मुलीला आधी भंगारातल्या बोर्डावरचे पार्ट काढायला बसवत. ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, न उचलता काढता आले, तरच तिला चालू मालाला हात लावायला मिळे.

त्यासाठी दोनच वस्तू लागतात, वितळलेले सोल्डर ओढून घेणारा डिसोल्डर पंप आणि ते टिपणारी विक. दोन्ही गनपेक्षा स्वस्त. भोकात भरपूर सोल्डर असेल तर पंप चालतो. दट्ट्या दाबून तयार ठेवायचा, सोल्डर पूर्ण वितळले की नळी अगदी टेकवून बटण दाबायचे. आत साठलेले कण अधूनमधून काढले नाहीत तर ओढ कमी होते. भोकाच्या कडेला चिकटून राहिलेले सोल्डर मात्र विकच टिपते. विक म्हणजे तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी. शिकणाऱ्याने दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची घ्यावी. ती सोल्डरवर ठेवायची, वरून बिट दाबायचे आणि उचलताना दोन्ही एकदम उचलायचे. बिट आधी उचलले तर पट्टी तिथेच गोठते, आणि ओढली की ट्रॅक घेऊन येते. पट्टी झटकन तापते, म्हणून बोटे तांब्यावर नकोत, रिळावर हवीत. जुना जोड दाद देत नसेल तर त्यावर आधी थोडे ताजे सोल्डर घालावे. काढायचे त्यातच भर घालायची हे मुलांना वेडेपणाचे वाटते, पण ताज्या तारेतली राळ वरचा ऑक्साइडचा थर फोडते आणि उष्णता जोडात सगळीकडे पोचते. स्वस्तातली ५५५ नंबरची आयसी (चिप) काढायची असेल तर सरळ निपरने, म्हणजे तार कापायच्या पक्कडीने, आठही पाय कापावेत आणि एकेक पाय सुटा काढावा. बोर्ड वाचतो. पुढच्या वेळी आयसी नुसती खोचता येईल असा आयसी बेस लावावा.

आता गन. साधी २५ वॉटची शिकायला पुरते. ६० वॉटची, तापमानावर ताबा नसलेली गन स्वस्त मिळाली म्हणून आणू नये. ती नुसती ठेवली तरी तापत राहते आणि तपकिरी बोर्डावरच्या ट्रॅकचा चिकटपणा जातो. हँडलवर तापमानाचा नॉब असलेली परवडत असेल तर उत्तमच. शिशाच्या सोल्डरला ३२० ते ३५० अंश खूप झाले, मात्र स्वस्त गनवरचा आकडा अंदाजे समजावा. वॉटपेक्षा मी प्लगकडे आधी बघते. तीन पिनांचा हवा, आणि त्यातली अर्थिंगची पिन खरोखर बिटला जोडलेली हवी. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग आहे का ते तपासायच्या खुणेवर) ठेवून एक टोक बिटला, दुसरे जाड पिनला लावले की बीप वाजला पाहिजे. दुकानदाराला काउंटरवरच करून दाखवायला सांगावे. तो कंटाळला तर दुकान बदलावे, गल्लीत दुकानांना तोटा नाही. सुईसारखे बिट मुलांना आवडते, पण शिकायला चपट्या तोंडाचे बरे, कारण उष्णता पटकन जाते. लोखंडी मुलामा असलेले बिट कानशीने घासू नये. मुलामा गेला की सोल्डर आतले तांबे खाऊन टाकते. गरम हवेने सोल्डर वितळवणारे हॉट एअर स्टेशन सातवीच्या मुलीला कशाला हवे, हे मला अजून कळलेले नाही.

सोल्डर वायरच्या रिळावरचे आकडे वाचावेत. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. ६३/३७ १८३ अंशांवर एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०/४०ही चालते. कथील महाग म्हणून स्वस्त रिळात शिसे जास्त असते; ४०/६० पूर्ण वितळायला २३८ अंशांच्या आसपास जावे लागते, आणि मुलाला वाटते गनच खराब आहे. जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असावी. पेस्ट, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे फ्लक्स, राळेचीच घ्यावी. तांबट आळीत कल्हईला नवसागर लागतो तो भांड्यांसाठी. तसले क्षार किंवा पत्र्याच्या कामाचे आम्लाचे फ्लक्स पीसीबीवर राहिले तर ट्रॅक खातात.

शाळांनी यादीत ‘तीन पिनांची २५ वॉट गन, ६३/३७ सोल्डर, राळेची पेस्ट, पंप, विक’ एवढे स्पष्ट लिहावे. प्रत्येक मुलाने वेगळा संच आणायचीही गरज नाही, चौघांत एक पुरतो. सरावाला जुन्या रेडिओचे बोर्ड बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात मिळतात. जुना टीव्ही किंवा यूपीएस मात्र मुलांना उघडायला देऊ नये. त्यांतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज राहतो.

धुराविषयी पालक घाबरून विचारतात. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. दिसतो तो राळेचा धूर. तोही छातीला चांगला नाही, दम्याच्या मुलांना तर नाहीच, म्हणून खिडकी उघडी आणि लहान पंखा हवा. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. काम संपल्यावर साबणाने हात धुवायला लावावेत, आणि मधल्या सुट्टीत त्या टेबलावर डबा उघडू देऊ नये.

आपली,
एक निवृत्त कामगार, धनकवडी, पुणे