डोळ्यांची शिबिरं होतात, गळ्याची कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा पेपरात पुन्हा एका मोफत नेत्रतपासणी शिबिराची बातमी वाचली, चांगलंच आहे, पण आमच्या सिंधुदुर्गात गळ्याचं शिबिर झाल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. आणि गळ्यावर पोट असलेली माणसं इथे किती! दशावतारी नाटकातले नट, भजनी बुवा, बंदरावर माशांचा लिलाव पुकारणारे, शाळेतल्या बाई.

माझा चुलतभाऊ दशावतारात काम करतो. मागच्या सीझनला त्याचा आवाज बसला. घरातले सगळे म्हणत होते, "गळो बसलोहा, होतलो बरो." ज्येष्ठमध झालं, हळददूध झालं, तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तीनदा खोकल्याचं औषध दिलं पण गळ्यात डोकावून काय बघितलं नाही, आणि हा रोज रात्री तसाच ओरडत उभा, कारण नाटक चुकलं की त्या रात्रीचे पैसे गेले. चार महिन्यांनी गोव्याला नेला तेव्हा नाकातून बारीक दुर्बीण घालून पाच मिनिटांत कळलं, स्वरतंतूंवर गाठी.

डॉक्टरांनी समजावलं ते असं की पुरुष बोलतो तेव्हा हे दोन तंतू सेकंदाला शंभरेक वेळा एकमेकांवर आपटतात, बाईमाणसाचे दोनशेच्या आसपास. वरचा थर जेलीसारखा मऊ असतो, ओरडून ओरडून तिथे घट्टा पडतो, रापणीचं जाळं ओढणाऱ्याच्या हाताला पडतो तसाच. ऑपरेशन लागलं नाही, दोन-अडीच महिने आवाजाचे व्यायाम केले, जोर न लावता बोलायला शिकला. (कुजबुजत बोललं की गळ्याला आराम मिळतो असं आपण समजतो, त्यानेही बऱ्याचदा ताणच पडतो म्हणे!)

पण हाच घोगरेपणा स्वरयंत्राच्या कॅन्सरचंही पहिलं लक्षण असू शकतो, आणि आपल्याकडे तंबाखू-विडी किती चालते ते सांगायला नको. स्वरतंतूवरचा कॅन्सर सुरुवातीलाच आवाज बिघडवतो आणि लवकर पसरत नाही, म्हणून वेळेवर सापडला तर बहुतेक पेशंट बरे होतात, बऱ्याच जणांचा आवाजसुद्धा वाचतो. उशीर झाला तर अख्खं स्वरयंत्र काढायची पाळी येऊ शकते. म्हणून तीन-चार आठवडे आवाज बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

गंमत बघा, जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना नीट बघितले ते डॉक्टरने नाही, गाणं शिकवणाऱ्या मास्तरने. मॅन्युएल गार्सिया त्याचं नाव. १८५४ साली पॅरिसमध्ये दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडून त्याने स्वतःचाच गळा बघितला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं आणि मग डॉक्टर मंडळींनी तो आरसा उचलला. म्हणजे या तपासणीची सुरुवातच एका गळ्यावर जगणाऱ्या माणसाने केली, आणि आमच्या गळ्यावर जगणाऱ्यांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

माझी मागणी साधी आहे. श्रावणात भाताची लावणी आटपलेली असते, जत्रा थेट कार्तिकात सुरू होतात, म्हणून श्रावणात नाटकं बंद असतात आणि कोणाला गळ्याला विश्रांती दे सांगितलं तर तो देऊही शकतो. त्या दिवसांत आरोग्य विभागाने तालुक्याच्या ठिकाणी दुर्बीण आणि ईएनटी डॉक्टर घेऊन एकेक दिवस बसावं. सीझनमध्ये शिबिर ठेवून उपयोग नाही, रात्रभर नाटकात संकासुर राक्षसाचं काम करून सकाळी झोपलेला नट तपासायला येणार नाही!

आपला,
एक दशावतारवेडा वाचक, ता. कुडाळ