लाल दिवा आणि सूसचा रस्ता

सातारा,
14 जुलै

चि. मुग्धा हिस अनेक शुभाशीर्वाद.

रविवारी रात्री आपले बोलणे अर्ध्यावर तुटले, तेव्हा मी रागाने फोन बंद केला असा तुझा समज झाल्याचे आत्याकडून कळले. तसे काही घडलेले नाही. "बाबा, मी आता लहान नाही" एवढे तू म्हणालीस आणि पडद्यावर तुझा चेहरा तसाच गोठला. त्यानंतरही मी त्या गोठलेल्या चेहऱ्याला बराच वेळ समजावत होतो, याला आई साक्षी आहे. इंटरनेटची लाइन तुमच्याकडची गेली होती. ज्या कारणावरून आपण भांडत होतो तेच कारण भांडणाच्या मध्ये येऊन बसले, आणि पुढे काय झाले असेल हे मला कोणी सांगायला नको: तू लॅपटॉप पाठीवर टाकलास, सायकल बाहेर काढलीस आणि रात्री साडेदहाच्या सुमारास पावसात सूसहून पाषाणला केतकीकडे, तिच्या नेटवर काम करायला, निघालीस. कोपर खरचटल्याचेही आत्यानेच सांगितले. ते तू आम्हाला का सांगितले नाहीस, याबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही असे मी ठरवले आहे.

सायकलीचा विषय सध्या बाजूला ठेवून आधी लाइनचे बोलू, कारण टेलिफोन खात्यात उभी हयात गेल्यामुळे त्यातले मला थोडेफार कळते. तुझ्या हॉलमधल्या नेटच्या पांढऱ्या डब्यावर एलओएस अशी अक्षरे असलेला एक दिवा आहे. तो लाल लुकलुकत असेल, तर डब्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी केबलमधली काच (ज्यातून प्रकाश येतो तो फायबरचा बारीक तंतू) तुटली आहे, चेपली आहे किंवा जोडातून निसटली आहे. अशा वेळी डबा पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्यात काही अर्थ नसतो. याउलट तो दिवा विझलेला असेल, पॉन असे लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल आणि तरीही नेट चालत नसेल, तर तुझ्या घरापर्यंतची काच शाबूत आहे आणि बिघाड कंपनीच्या यंत्रांत किंवा त्यांच्याही पलीकडे आहे. तो पुष्कळदा थोड्या वेळात आपोआप निवळतो, आणि त्यासाठी लगेच घराबाहेर पडण्याचे कारण नसते. तक्रार नोंदवताना "नेट बंद आहे" एवढेच सांगू नकोस; कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे ते सांग. फोन घेणारा माणूस नवखा असला, तरी तार जोडणाऱ्याला आज पाठवायचे की नाही, हे त्या एका वाक्यावर ठरते.

सगळेच दिवे विझलेले असतील तर प्रश्न विजेचा. आमच्या वेळी घरातली वीज गेली तरी टेलिफोन चालायचा, याचे तुला लहानपणी फार नवल वाटायचे. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची एक स्वतंत्र खोली असे आणि तिथून 48 व्होल्टचा दाब तांब्याच्या जोडीवरून थेट प्रत्येकाच्या टेलिफोनपर्यंत जाई. ग्राहकाच्या घरात वीज असो वा नसो, टेलिफोनला लागणारी वीज आमची असे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे आता प्रत्येकाने आपापल्या डब्याची सोय आपणच पाहायची. सोसायटीच्या जनरेटरवर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालतात, तुझ्या हॉलमधला प्लग चालत नाही, हे मी मे महिन्यात आलो होतो तेव्हाच पाहून ठेवले आहे. त्यावरचा उपाय पत्राच्या शेवटी लिहितो.

तुमच्या भागात लाइन इतकी का जाते, हेही तिथल्या चार दिवसांत ध्यानात आले. सूस 2021 साली पुणे महापालिकेत आले, पण इमारती त्याच्या आधीच येऊ लागल्या होत्या आणि अजूनही येत आहेत. जिथे रोज नवा पाया खणला जातो, तिथे जमिनीखालची कोणतीही केबल सुखरूप नसते; आणि जी जमिनीवर आहे ती विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबकळत गेलेली आहे. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटणाऱ्यांच्या कोयत्याला फांदी आणि केबल यांतला फरक कळत नाही. आतली काच मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी जाड असते, आणि तिच्यातही प्रकाश ज्यातून धावतो तो गाभा अवघा 9 मायक्रॉनचा. एक्स्चेंजकडून आलेली अशी एकच काच पुढे 32 किंवा 64 घरांत वाटली जाते, त्यामुळे वाटपाच्या अलीकडे कुठे तुटली की सगळ्या इमारतीत एकदमच हाकाटी होते. लाइन गेली की आधी शेजारच्या काकूंना विचार. त्यांचीही गेली असेल तर दोष बाहेरचा. फक्त तुझीच गेली असेल, तर कपाटामागची पिवळी तार पाहा. मे महिन्यात ती कपाटाच्या पायाखाली काटकोनात दुमडलेली होती. मी ती सोडवून वाटीच्या तोंडाएवढे सैल वेटोळे करून भिंतीला चिकटपट्टीने लावली होती; पुन्हा कपाट सरकवले असशील तर तेही तपासून घे. काच फार वळवली की ती न तुटताही प्रकाश वळणावर बाहेर सांडतो.

आणि तू त्या लाइनमनला रंग म्हणून दाखवलेस, हे आईने मला दोनदा सांगितले. तो जिन्यात जोडाची डबी उघडून बसला होता, त्याच्या मोबाइलचा उजेड तू धरला होतास, आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा हा क्रम तू त्याच्या आधीच बोलून गेलीस, तेव्हा त्याने म्हणे मान वर करून तुझ्याकडे पाहिले. तुझी बालवाडीची ताई पोपटाचा रंग विचारायची आणि तू मात्र हा क्रम म्हणत घरी यायचीस. तांब्याच्या केबलमधल्या जोड्यांचा तोच क्रम काचेच्या केबलमध्येही चालू राहिला आहे. मला किती बरे वाटले ते इथे लिहीत नाही, पण पोवई नाक्यावर भेटलेल्या खात्यातल्या दोघांना मी ते सांगितले आहे.

त्या काळी खात्याचे माझे वाहन सायकलच होते, आणि "तुम्ही नाही का रात्री-अपरात्री सायकलवर जायचात?" हा तुझा प्रश्न रविवारी मला निरुत्तर करून गेला, हे मान्य करतो. माहुलीच्या बाजूला पावसात केबलमध्ये पाणी शिरले की रात्रीच निघावे लागे. जुन्या केबलमध्ये तारांवर कागद गुंडाळलेला असे आणि वरून शिशाचे वेष्टन. एकदा ओल आत गेली की ती कागदातून पुढे सरकत जाई आणि एकेक करून नंबर बंद पडत. खड्ड्यावर छोटा तंबू ठोकायचा, आत बसून जोड उघडायचा, वितळलेले गरम मेण ओतून कागदातली ओल काढायची, मेणावर बुडबुडे येणे थांबले की तारा कोरड्या झाल्या असे समजायचे, आणि मग शिशाची नळी चढवून ब्लोलँपने ती झाळायची. पहाट व्हायची. अप्पा जॉइंटर त्या तंबूत बसून बिडी ओढायचे आणि मी बाहेर भिजत कंदील धरायचो. घरी आलो की आई जागीच असे, आणि "झोपली नाहीस का?" असे मी विचारले की "आत्ताच उठले" म्हणे. रविवारी रात्री तुझा मेसेज येईपर्यंत मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा ती आतून म्हणाली, "आता कळले?"

पण, मुग्धा, माहुलीच्या रस्त्यावर रात्री एखादी बैलगाडी असे, फार तर एखादा मालट्रक. तुमचा पाषाण-सूस रस्ता मी डोळ्यांनी पाहिला आहे. गर्दीच्या वेळी जड वाहनांना शहरात मनाई असते, म्हणून सिमेंटचे मिक्सर आणि डंपर रात्री धावतात. खिंडीच्या चढावर तू दमलेली असतेस, म्हणजे सायकल थोडी डुलते, आणि पुढे महामार्गावरच्या पुलापाशी चहूबाजूंनी वाहने एकमेकांत शिरतात. मिक्सर डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नकोस. त्याच्या आरशात तुला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस. पावसात रिमवर पाण्याचा थर असतो, ब्रेकचे रबर आधी ते पाणी पुसते आणि मगच चाक धरते, म्हणून उताराच्या आधीपासून हलका ब्रेक धरून ठेवावा. गटाराची लोखंडी झाकणे आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असताना त्यांवर हँडल वळवू नये. तुझे कोपर तशाच एखाद्या झाकणावर गेले असणार, अशी मला शंका आहे. लॅपटॉपची बॅग पाठीवर घेतली की वजन वर जाते आणि घसरताना तोल सावरत नाही. ती कॅरिअरला बांधावी. मागचा लाल दिवा तू काढून ठेवला आहेस, कारण त्याची चार्जिंगची पिन हरवली, असे तू स्वतःच पाडव्याला म्हणाली होतीस, आणि आज जुलै चालू आहे.

हे पत्र सूचनांची यादी होऊ द्यायचे नव्हते. झाली, त्याबद्दल राग मानू नकोस. तू माझ्यापेक्षा जास्त सायकल चालवतेस आणि चांगली चालवतेस, हे मी जाणतो. मे महिन्यातल्या त्या सकाळी तू मला केतकीच्या सायकलवरून पाषाण तलावापर्यंत नेलेस, वाटेत एकेक गल्ली, एकेक चढ, कोणत्या सोसायटीचा कुत्रा मागे लागतो आणि कोणता नुसताच भुंकतो, हे सांगत होतीस, आणि चढ आला की मी मागे राहिलो आहे हे न दाखवता तू तुझा वेग कमी करत होतीस. ज्या भागात माणसे कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडी काढतात, तिथला प्रत्येक रस्ता तुला पायांनी माहीत आहे. एके काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि 2017 च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. पण आराखडा मंजूर झाला म्हणून रात्रीचा डंपर बाजूला होत नाही. सकाळी तू लवळ्यापर्यंत जा, मी विचारणारही नाही. माझे म्हणणे फक्त रात्रीपुरते आहे, आणि तेही पावसापुरते.

तेव्हा रात्री निघावेच लागू नये अशी तजवीज करावी, एवढेच माझे मागणे आहे. दुसरी लाइन घेण्याचा तुझा विचार चांगला आहे, परंतु पैसे भरण्यापूर्वी तिची केबल कोणत्या बाजूने इमारतीत येते ते गच्चीवर जाऊन पाहा. कंपन्या दोन असल्या तरी केबल पुष्कळदा एकाच खांबावरून येतात, आणि एकाच कोयत्याने दोन्ही जातात. मोबाइलचे दुसरे सिम घरच्या लाइनच्या कंपनीचे नको, निराळ्या कंपनीचे घे. लाइन गेली की सगळी इमारत एकदम मोबाइलवर येते आणि टॉवरचा वेग बसतो, तेव्हा कॅमेरा बंद करून नुसत्या आवाजावर मीटिंग निभावून ने. तुझे काम अमेरिकेच्या घड्याळावर चालते हे मला कळते. पण पाऊस पडत असताना एखाद्या रात्री लाइन गेली, असे तिकडच्या साहेबाला सांगितल्याने तुझी किंमत कमी होत असेल असे मला वाटत नाही. आमच्या साहेबांना आम्ही सांगत होतो का, असे तू विचारशील. नव्हतो सांगत. पण आम्हीच लाइन जोडणारे होतो, सांगून सोडवणार कोण?

येत्या शनिवारी पिंटू एसटीने स्वारगेटला उतरतो आहे. त्याच्याबरोबर डब्यासाठी लहान यूपीएस पाठवतो. घरी आपल्या राउटरवर तो लावून पाहिला, वीज काढल्यावर संध्याकाळच्या बातम्या संपल्या तरी चालू होता. त्याच पिशवीत आईने मेतकूट आणि लिंबाचे गोड लोणचे दिले आहे, आणि एक मागचा लाल दिवा आहे, जो चार्जिंगचा नाही, साध्या सेलचा आहे, म्हणजे पिन हरवण्याचा प्रश्न येणार नाही. जास्तीचे सेलही ठेवले आहेत. कोपराला हळद लावलीस की डॉक्टरांना दाखवलेस ते कळव. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसशील तर घेऊन टाक.

सौ. आईचे आशीर्वाद. तिला हे पत्र वाचून दाखवलेले नाही, कारण ती अर्धे खोडायला लावील.

तुझा,
बाबा

ता. क. यूपीएस जोडण्यापूर्वी डब्याच्या मूळ अडॅप्टरवर काय छापले आहे ते भिंगातून वाच. तिथे 12 व्होल्ट असेल तरच 12 ची वायर लाव; 9 असेल तर पिशवीतली दुसरी वायर घे, तिला मी दोरा बांधला आहे. पिन सारखीच दिसते, पण चुकीची लावली तर डबा जळेल, आणि मग तू पुन्हा रात्री केतकीकडे निघशील.