नळी षटकोनी निघाली

मँचेस्टर,
20 सप्टेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

काकूंच्या गुडघ्याचं कळलं. ऑपरेशन आता लांबवू नका. घरचं बाकी फोनवर बोलूच. आज पत्र लिहायला बसलोय ते एका बंदुकीसाठी, आणि शेवटी तुझ्याकडे एक मागणंही आहे.

शेजारच्या बाई तुला आठवत असतील. तू आलास तेव्हा त्यांनी सफरचंदाचा केक आणून दिला होता. त्यांचे यजमान मार्चमध्ये गेले. आवराआवर करताना माळ्यावर यजमानांच्या पणजोबांची एक लांब लाकडी पेटी निघाली, आत ठासणीची रायफल. एक विक्रेता आला आणि "जुनी एनफिल्ड आहे", म्हणजे त्या काळची इंग्रज लष्कराची नेहमीची रायफल, म्हणून अडीचशे पौंड सांगून गेला. बाईंचं मन मानेना. मी मापं घेण्याच्या कामात आहे एवढं त्यांना ठाऊक, म्हणून मला हाक मारली.

आधी गज नळीत सोडला, तोंडाशी खूण केली आणि तोच गज बाहेरून नळीवर धरला. टोक ठिणगी पाडणारी केप बसते त्या मागच्या बोंडीपर्यंत पोचलं, म्हणजे आत दारू-गोळी नव्हती. अशा बंदुका कधी कधी शंभर-दीडशे वर्षं भरलेल्याच पडून असतात, त्यामुळे याआधी दुसरं काही करायचंच नाही. मग टॉर्च लावून आत पाहिलं, आणि दत्ता, अंगावर काटा आला. भोक गोल नव्हतंच. षटकोनी होतं, आणि तो अख्खा षटकोन पीळ घेत खाली उतरत गेला होता.

उद्यमनगरात तू पंचावन्न अंशांचे बीएसडब्ल्यूचे, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थचे, आटे पाडतोस ना, त्यातल्या 'डब्ल्यू'ची ही रायफल. जोसेफ व्हिटवर्थ, इथला, मँचेस्टरचा. 1841 मध्ये त्याने आट्यांचं प्रमाण बांधून दिलं. पुढे इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं यंत्र केलं. सरकारने रायफलीत लक्ष घालायला सांगितलं तेव्हा त्याने आपल्या घराच्या आवारात गोळ्या झाडून पाहायला पाचशे यार्डांची बंदिस्त गॅलरीच उभारली. 1857 च्या चाचणीत पाचशे यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट फाकल्या, याच्या साडेचार इंचांच्या आत राहिल्या! लष्कराने तरीही घेतली नाही. महाग होती, आणि बारीक नळी दारूच्या काजळीने लवकर चोंदायची. निशाणेबाजांनी मात्र उचलून धरली. 2 जुलै 1860 ला विम्बल्डनच्या नेमबाजीच्या पहिल्या स्पर्धेत व्हिक्टोरिया राणीने सलामीची गोळी याच बनावटीच्या रायफलीतून झाडली. रायफल यंत्रात घट्ट बसवलेली, राणीने फक्त दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून दोन इंचांच्या आत.

पण नुसत्या षटकोनावर मी थांबलो नाही. समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर मोजलं: 0.451 इंच. एनफिल्डचं भोक 0.577 चं, म्हणजे तो विक्रेता नळीत डोकावलासुद्धा नव्हता. नंतर फिरत्या मुठीच्या गजाला घट्ट चिंधी बांधून हळूहळू आत सरकवला आणि वेढा मोजला. वीस इंचांत एक पूर्ण फेरा. एनफिल्डला त्यासाठी अठ्ठ्याहत्तर इंच लागतात. 530 ग्रेनची, साधारण चौतीस ग्रॅमची लांब गोळी हवेत सरळ राहावी म्हणून एवढा दाट पीळ. मागे नेम धरायची, बारीक मापाने वरखाली होणारी घडीची व्हर्नियर साइट, पुढे माशी बारीक. लष्करी हत्याराला असले लाड कोण करतं? कळीवर, म्हणजे घोडा बसवलेल्या यंत्राच्या पट्टीवर, मँचेस्टर ऑर्डनन्स अँड रायफल कंपनीचं नाव आहे. आधीची व्हिटवर्थ रायफल कंपनी 1862 च्या सुमारास या नावात गेली, तेव्हा ही त्यानंतरची.

किमतीचं विचारशील. बाईंना मी सांगितलं की नळी आतून स्वच्छ आहे, नंबर जुळतात, गोळ्यांचा साचा आणि सफाईचं सामान पेटीत जागच्या जागी आहे, त्यामुळे काही हजार पौंडांच्या खाली बोलूच नका, आणि लिलावातल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नका. त्यांच्या पुतण्याला ती अमेरिकेच्या यादवीतल्या दक्षिणेच्या नेमबाजांची असावी असं फार वाटत होतं, कारण तशा रायफलींना कित्येक पट भाव येतो. पण त्यांच्या चापाच्या कडीवर 'सेकंड क्वालिटी' असा शिक्का असतो. हिच्यावर नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं, त्याला ते आवडलं नाही.

तोच पुतण्या दुसऱ्या दिवशी स्टीलवूल आणि पॉलिशची डबी घेऊन आला. "चकाचक करतो, भाव वाढेल." मी अक्षरशः त्याचा हात धरला. नळीवरचा तो तपकिरी रंग कारखान्यातला आहे, तो खरवडला की निम्मी किंमत केरात, आणि ती कोणालाच परत आणता येत नाही.

हात धरला आणि तुमची ओसरी डोळ्यांपुढे आली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आजोबांची परवान्यावरची ठासणीची बंदूक आपण दोघांनी पॉलिश पेपरने घासली होती. तू दस्ता धरलास, मी नळी घासली. कळीजवळ काहीतरी अक्षरं होती. मीच म्हणालो होतो, हा गंज नीट जात नाही, जोर लाव. आजोबा संध्याकाळी बंदूक हातात घेऊन किती वेळ गप्प बसले होते. आपल्याला वाटलं, खूश झालेत. ती अक्षरं काय होती ते आता कोण सांगणार? हे मी इतकी वर्षं तुझ्याशी बोललो नाही. मला माफ कर.

आता मागणं. या खंडेनवमीला आजोबांच्या बंदुकीला कोणी हात लावू नये, फक्त हळदकुंकू आणि फूल, तेही लाकडावर. दसरा झाला की परवानाधारक कारागिराकडून नळी लाकडातून सोडवून घे. बनवणाऱ्याचे शिक्के बरेचदा नळीच्या पोटाला, लाकडाआड असतात. तिथे आपला पॉलिश पेपर पोचला नव्हता. खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढ, शेजारी पट्टी ठेव, आणि मला पाठव.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
सुधीर