शांत खोलीतली श्रवणचाचणी पुरेशी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘आवाज ऐकू येतो, पण काय बोलतात ते कळत नाही’ ही तक्रार पन्नाशी ओलांडलेली कितीतरी माणसं करतात आणि घरचे ती वयावर ढकलून मोकळे होतात. माझ्या यजमानांचं तेच झालं. घरात दोघंच असताना सगळं नीट ऐकू येतं. लग्नाच्या पंगतीत किंवा एसटी स्टँडवर मात्र शब्द निसटतात. ऑडिओमेट्री, म्हणजे शांत खोलीतली श्रवणचाचणी, केली; तिचा आलेख चांगला आला. ‘कान ठणठणीत आहेत, जरा लक्ष देऊन ऐका’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं. लक्ष देण्यात त्यांची काहीच कसूर नव्हती, म्हणून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले.

कानाकडून मेंदूकडे संदेश जातात, एवढं आपण शाळेत शिकतो. मेंदूकडून कानाकडे येणारे तंतूही असतात, हे फारसं कुणी सांगत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून कर्णावर्तात, म्हणजे कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात, उतरणाऱ्या या तंतूंचं वर्णन रासमुसेन या संशोधकांनी १९४६ मध्ये केलं. हे तंतू विजेने चेतवले की श्रवण मज्जातंतूतले संदेश मंदावतात, हे गॅलँबोस यांनी १९५६ मध्ये मांजरांवर दाखवलं. मंदावण्याचा फायदा काय, असं कुणालाही वाटेल. पण खरी गंमत तिथेच आहे. आपल्या प्रत्येक कानात सुमारे १२,००० बाह्य केशपेशी असतात आणि त्या बारीक आवाज मोठे करतात. आजूबाजूला सतत घरघर असेल तर तीही मोठी होते. मज्जातंतू त्या घरघरीलाच प्रतिसाद देत राहतात, थकतात आणि बोलण्यासाठी त्यांच्यात जोर उरत नाही. मेंदूकडून आलेले तंतू बाह्य केशपेशींना आवरतात, घरघरीचा भार उतरतो आणि अक्षरं पुन्हा उठून येतात. व्यंजनांचा आवाज मुळातच नाजूक असतो, त्यामुळे गोंगाटात आधी तीच बुडतात. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गल्लत होते ती यामुळेच.

हे तंतू तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूसोबत कानात जातात. तीव्र भोवळीसाठी काही रुग्णांचा तो मज्जातंतू कापावा लागला होता, आणि त्यासोबत हे तंतूही कापले गेले. एका कानात गोंगाट सोडला की हे तंतू कामाला लागतात आणि निरोगी माणसाला दुसऱ्या कानात गोंगाटातलं बोलणं जरा बरं कळतं; शस्त्रक्रिया झालेल्या कानात हा फायदा जवळजवळ दिसला नाही, असं फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये नोंदवलं. माणसांवरच्या सगळ्याच अभ्यासांचं यावर एकमत नाही, हेही सांगायला हवं.

याच तंतूंमुळे कानाचं रक्षणही होतं. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. काही आठवड्यांत त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण कर्णावर्ताच्या काही भागात केशपेशी आणि मज्जातंतू यांचे जवळपास निम्मे जोड कायमचे गेले होते. नेहमीच्या आलेखात अशी हानी दिसत नाही. पुढे लिबरमन यांच्याच गटाने दाखवलं, की उलट येणारे तंतू कापलेले असतील तर ८४ डेसिबलच्या आवाजानेही आठवडाभरात असे जोड जास्त तुटतात. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे लहान लेकरांना खांद्यावर घेऊन उभ्या राहणाऱ्या आईबापांना मी हे हात जोडून सांगते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट असेल तरच माणूस श्रवणदोषी ठरतो. आलेख स्वच्छ, पण गर्दीत काही कळत नाही, अशा माणसाची त्यात गणतीच नाही. निदान दवाखान्यात तरी त्याचं म्हणणं खरं मानलं जावं. आवाजबंद खोलीतल्या चाचणीसोबत गोंगाटात मराठी वाक्यं ऐकवून घेतलेली चाचणीही जिल्हा रुग्णालयांत सरसकट व्हावी. शाळेच्या वर्गात ३५ डेसिबलपेक्षा जास्त पार्श्वआवाज नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रस्त्याला लागून असलेल्या वर्गांत मागच्या बाकावरची मुलं काय ऐकत असतील?

घरच्यांनी करण्यासारखं सोपं आहे. टीव्ही बंद करावा, समोर बसून तोंड दिसेल असं बोलावं आणि ‘तुमचं लक्षच नसतं’ हे वाक्य टाळावं. आमच्याकडे एवढ्यानेच बराच फरक पडला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली